रापणीची दोन टोकं

दिव्या मुलाखतीला बसली ती आमच्या पडवीत. घरात रेंज येत नाही, त्याला मी काय करू? पुण्यात संशोधनासाठी एकच जागा उरली होती. "आये, अर्धो तास गप रव," असं तिनं मला बजावलं. मला! तीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकतेय मी. गप राहून एक बांगडा तरी खपला असता काय?

तरी बसले कोपऱ्यात बांगडे साफ करत.

फोनातल्या बाई आधी इंग्रजीत बोलत होत्या. मग मराठीत म्हणाल्या, "दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं आदळली, अवकाशात लाट उठली, आपलं यंत्र अणूहूनही कमी हललं. पण यंत्र तर रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलतं. मग खरी लाट कशी ओळखायची? आईला कळेल असं सांग."

"आमच्या रापणीसारखं, मॅडम. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं किनाऱ्यावरून ओढतात. एकाच दोरीला हिसका बसला तर जाळं खडकात अडकलं. दोन्हींना एकाच क्षणी बसला तर मासळी. म्हणून यंत्रंही दोन, हजारो किलोमीटर लांब."

"एकाच क्षणी?" माझा तोल सुटला. "काय सांगतस गो? मासळी ज्या बाजूक, ती दोरी आधी हलता! बापाशीन ह्याच शिकवल्यान तुका?"

दिव्यानं कपाळावर हात मारला. माझ्याच तोंडानं पोरीचं वाटोळं केलं मी!

"आईंचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आता सांग, त्या फरकावरून काय कळतं?"

आणि पोर अशी सुटली म्हणता! लाट आधी लागली ती बाजू जवळची. अमेरिकेतल्या दोन यंत्रांत फरक फार तर सेकंदाचा शंभरावा भाग. दोघांवरून दिशा ढोबळ कळते, तिसरं असलं की नेमकी, म्हणून हिंगोलीलाही एक उभं राहतंय. एकदा अशी दिशा धरून दुर्बिणी वळवल्या, तर दोन मेलेल्या ताऱ्यांच्या टकरीत सोनं तयार होताना दिसलं म्हणे. मी गळ्यातली माळ चाचपली. घडणावळ मात्र सोनारानंच घेतली होती मेल्यानं!

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. बॅग भरताना दिव्या मध्येच थांबली. "आये, तुमका सोडून कशी जाव?"

"सगळेच एका टोकाक रवले तर दुसरी दोरी कोण ओढतलो? जा, धर तुजा टोक," मी डाफरले.

एसटी सुटली. ती खिडकीतून हसत हात हलवत होती, आणि माझे डोळे भरून आले. दोरी आधी हलली ती माझीच.