मनाबाईची नदी

तोंडाला साबण फासलेला आणि नळ सूं करून बंद पडला. डोळे मिटूनच मी न्हाणीची पत्र्याची भिंत बडवली.

"अवो धन्याचे बाबा! पाणी गेलं!"

"टाकी भराची राह्यली वाट्टे," बाहेरून सावकाश आवाज आला. "थांब वं जरा, बादली आणतो."

"मोठे डायवर! गाडीले डिझेल पाजता अन् बायकोले कोरडी ठेवता?"

बाहेर कोणीतरी हसलं. मोहर्लीच्या त्या तंबूंच्या मैदानावर आमच्या शेजारी पुण्याच्या नवरा-बायकोची गाडी उभी होती. त्यांचीही घरगाडीच, पण पांढरी शुभ्र, कारखान्यातून तशीच आलेली. आमची म्हणजे शाळेची जुनी गाडी. आमच्या लेकाने, धनराजने, तिच्या सीटा उपटून आत पलंग, गॅस आणि कपाटाएवढी न्हाणी बसवली होती. ताडोब्याच्या पाहुण्यांना ती भाड्याने द्यायची होती. गिऱ्हाईक बसायच्या आधी आम्ही दोघांनी एक फेरी मारून काय गळतं, काय तुटतं ते बघायचं, असं ठरलं. धनराजच्या बाबांचा जन्म आधी लाकडाच्या ट्रकवर आणि मग एसटीवर गेलेला. स्टेअरिंग दिसलं की या माणसाला तहानभूक लागत नाही.

मी मात्र गाडीसाठी निघाले नव्हते. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. गेलो ते कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मातीला, नाहीतर दवाखान्यात. ही फेरी माझी, असं मी मनात धरलं होतं. धनराजने घेतलेलं नवं लुगडं नेसून मी पुढच्या सीटवर बसले तेव्हा आळीतल्या बाया दारात आल्या होत्या, आणि त्या याव्यात म्हणून मी दोनदा हॉर्न वाजवायला लावला होता.

बादली आली. तोंड धुऊन बाहेर आले तर यांची नजर माझ्या गळ्यावर.

"टाक ओला झाला," ते म्हणाले. "पुसून घे."

माझ्या केसांतून पाणी पाठीवर गळत होतं, ते नाही दिसलं. शेजारचा पुणेकर बायकोच्या हातात चहाचा कप देऊन विचारत होता, साखर बरोबर आहे ना? मला ते बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

टाक म्हणजे मनाबाईचा. मनकर्णा माझी सख्खी मोठी बहीण, यांची पहिली बायको. पहिल्या बाळंतपणात ती गेली, लेकरूही गेलं. घर मोडू नये म्हणून मला त्याच घरात दिली. आमच्यात सवत मेली की तिचा चांदीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा. पातळ पत्र्यावर बाईचा आकार ठोकलेला असतो. सणाला पहिलं कुंकू त्याला. नवं लुगडं आलं की पहिल्यांदा त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सासू दारात उभी राहून विचारायची, "मनीले दाखवलं का?" सासू गेली, तरी माझा हात आपोआप टाकाकडे जातो. आजवर एकही लुगडं मी कोरं नेसले नाही. या घरात माझ्या शब्दाशिवाय चूल पेटत नाही, सुना माझ्या पावलाच्या आवाजाने उठतात; पण नवं लुगडं पहिल्यांदा कोणाचं, तर तिचं.

पुढचा मुक्काम मार्कंड्याच्या देवळापाशी, वैनगंगेच्या काठी. गाडी झाडाखाली लावून मी भाकरी टाकत होते. मागचं दार यांनी उघडंच ठेवलेलं. दोन वांदरं आत शिरली आणि गुळाची ढेप घेऊन टपावर जाऊन बसली. मी खालून लाटणं फिरवते आहे, वरून गुळाचे खडे पडताहेत, आणि धनराजचे बाबा पोट धरून हसताहेत. मलाही हसू आलं. दोघं असे हसलो, की वाटलं, बरं झालं आलो.

तेवढ्यात ते बोलून गेले, "मनाच्या हातचा नारळबी असाच नेला व्हता वांदरानं. त्या तिथी, पायरीवर."

माझं हसू तिथेच आटलं.

"कवा आली व्हती मनाबाई इथी?"

"लगन झाल्यावर. ट्रकवर संग आणलं व्हतं तिले." आणि मग तव्याकडे बघत, "भाकर जयते वं."

जळू दे म्हटलं. खाल्ली त्यांनी जळकीच.

आलापल्लीच्या रस्त्यावर एका वळणाला फडताळाची कडी निसटली आणि तुरीची डाळ सगळ्या गाडीभर पसरली. सागाच्या झाडांखाली मुक्कामाला थांबलो तेव्हा मी गुडघ्यावर बसून डाळ वेचत होते, आणि हे दारात उभे राहून पुढच्या रस्त्याकडे बघत होते.

"इथूनच माघारी गेलतो आमी," ते म्हणाले, माझ्याशी की झाडांशी कोण जाणे. "पुढं नाल्याले पूर व्हता. लई रडली. सिरोंचाची नदी पाहाची व्हती तिले. पुढच्या साली नेतो म्हणलं मी."

पुढचं साल तिला आलंच नाही, ते मला माहीत होतं.

मी फोन घेऊन गाडीमागे गेले आणि धनराजला लावला.

"काऊन रे, सिरोंचाचा रस्ता तू काढला का?"

"नाई वं माय. मी तं पेंचले जा म्हणलो व्हतो, रस्ते चांगले हायेत. बाबाच आयकत नव्हते. काऊन? गाडी बिघडली का?"

"गाडी बरी हाय," म्हटलं आणि ठेवून दिला.

तर अशी गोष्ट होती. फेरी माझी नव्हती. मी म्हणजे टाक टांगायची खुंटी. मेलेल्या बाईला नदी दाखवायची, तर तिला न्यायला एक गळा लागतो, म्हणून मी.

सकाळी निघताना मी टाक दोऱ्यातून काढला आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून वर झाकण दाबून बसवलं. बस म्हटलं इथेच. आज मी एकटी बघणार.

सिरोंचाला गोदावरीच्या वाळूत आम्ही उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काय ते पात्र! पलीकडचा तेलंगणाचा काठ निळ्या रेघेसारखा. दोन कोळी तेलुगूत भांडत जाळं सोडवत होते. मी पदर सावरून ताठ उभी राहिले. हे बघायला ती रडली होती आणि बघतेय मी.

धनराजचे बाबा माझ्याकडे वळले. नजर गळ्यावर आली आणि थांबली.

"टाक कुठी हाय?"

"तांदळात."

"तांदळात? काऊन?"

"मले एकटीले पाहाची व्हती नदी. तिले दाखवाले आणलं ना तुमी? जा मंग, डबा घेऊन या अन् दाखवा तिले."

मला वाटलं, आता ओरडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक. पण ते मटकन वाळूत बसले. चप्पल काढली, पाय पाण्यात सोडले.

"मले तिचं तोंड आठवत नाई, केसर."

"काय?"

"नाई आठवत. कवाचंच नाई. आठवाले जातो तं तुहंच तोंड येते समोर. त्या टाकात पाह्यतो, पण सोनारानं काय केलं, एक नाक अन् बाकी सपाट. वाटलं, तिले पाहाची व्हती ते नदी पाह्यली तं येईन ध्यानात. लाज वाटते वं. वर्सभर संसार केला मानसानं अन् तोंड हरवलं."

मी उभीच राहिले. इतकी वर्षं हा माणूस माझ्या गळ्याकडे बघायचा आणि मी जळायची. अन् तो तिथे चाचपडत होता, अंधारात काडेपेटी शोधावी तसा.

म्हणजे मी जिंकले होते. ती कुठेच उरली नव्हती. फोटो एकही नाही, आई गेली, भाऊ गेले, सासू गेली. तिचं तोंड आता फक्त माझ्याजवळ. मी गप्प बसले असते, तर तिची सगळी जागा माझी होती. कोणाला कळलंही नसतं.

कोळ्यांचं भांडण मिटलं. त्यांची होडी पाण्यात गेली.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"कपाळ रुंद व्हतं तिचं," मी म्हणाले. "डाव्या भुवईत खोक व्हती. गोऱ्ह्याचं शिंग लागलं व्हतं लहानपणी. तिथी केस नाई उगवले."

"हो?" ते म्हणाले. डोळे मिटले.

"हसली का एकच गाल आत जाये. उजवा. समोरचे दोन दात जरा एकावर एक, म्हणून हात लावून हसे. तुमच्यापुढं तं जास्तच."

"हात लावून..." ते पुटपुटले. "हो. पदर नाई, हात."

"हात."

"गोरी व्हती का वं?"

हा शब्द मी जन्मात तोंडातून काढला नव्हता. आईने म्हटलं तरी मी तिथून उठून जायची.

"माह्यापेक्षा गोरी," मी म्हणाले. "दिसाले माह्यापेक्षा चांगलीच व्हती ती. चालली का मागून लोक पाह्यत."

पाण्यात त्यांचे पाय हलायचे थांबले होते. मिटलेल्या डोळ्यांखाली ओठ जरासे वाकले, जसे मी कधी बघितले नव्हते.

"आली का?" मी विचारलं.

"येऊन राह्यली," ते हळूच म्हणाले.

मी पदर झटकला, उठले, आणि वाळूतून चालत जरा लांब जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून बसले. नवरा-बायको बोलत असताना मधे बसणं बरं दिसत नाही.