उंबऱ्यावरची दही-साखर

हेतल इतकी दमली होती की दमल्याचंही तिला भान उरलं नव्हतं. दिवाळीपासून घरात दुसरा विषय नाही, लेकीचं, पंखीचं ऑपरेशन. तीन वर्षांच्या त्या पोरीचा एक खुबा जन्मापासूनच निखळलेला. तो जागेवर बसवायचा आणि मग छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, पाय फाकलेले, तीन महिने. सांगायला काय जातंय! नवऱ्यानं, किरीटनं, साड्या छापायच्या कारखान्यातल्या सुट्ट्या साठवल्या, सुताराकडून चाकांचा पाट करून आणला. हेतलनं सगळे फ्रॉक बाजूनं उसवून नाड्या लावल्या. पोर घाबरू नये म्हणून बाहुलीलाही पट्ट्या गुंडाळून प्लास्टर घातलं. पंखीनं दुसऱ्याच दिवशी ते सोडून टाकलं. "तिला खाज येते," म्हणाली.

पण खरी धास्ती होती ती बांची, म्हणजे सासूबाईंची. डॉक्टरांनी बजावलं होतं, आदल्या रात्रीपासून पोटात काही नको. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर पोर हातची जाईल. आणि बांना तर नातीच्या तोंडात काहीतरी कोंबल्याशिवाय चैन पडायचं नाही. म्हणून हेतलनं गाठियांचा डबा, गूळ, केळी सगळं कपाटात घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"बा, उद्या सकाळी तिला काहीसुद्धा द्यायचं नाही हं."

"किती वेळा सांगशील? मी काय पोरीची वैरीण आहे?"

"तसं नाही हो, बा."

"तसंच आहे. घे, माझीही झडती घे. पदरात शेंगदाणे असतील!"

पहाटे एकच घाई उडाली. कशीबशी गाडी पकडून ती तिघं जेतपूरहून राजकोटच्या दवाखान्यात पोचली. नर्सनं विचारलं, "हिला काही खायला-प्यायला दिलंय?"

"पाण्याचा थेंबही नाही," हेतल ठासून म्हणाली.

मग हिरवा अंगरखा घालायला तिनं पंखीचा फ्रॉक काढला. गळ्यापाशी काहीतरी पांढरं वाळून बसलं होतं. तिनं नखानं खरवडलं, नाकाशी नेलं. आंबट वास आला आणि तिला पहाट आठवली.

पहाटे उंबऱ्यावर वाटी तिच्याच हातात होती. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला दही-साखर भरवल्याशिवाय त्या घरातून कुणी बाहेर पडत नसे. तिनं किरीटला चमचा दिला, तो रिक्षा आणायला पळाला. मग पंखीनं आ केला आणि हेतलचा हात आपसूक पुढे गेला. बा मागेच उभ्या होत्या, त्यांनाही काही सुचलं नाही. दही-साखर म्हणजे खाणं, असं त्या घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

आता काय करू? एवढासा तर चमचा होता. न बोलता बसले तर कुणाला कळणार आहे? पुन्हा तारीख मागायची, पुन्हा सुट्ट्या, पुन्हा त्या नाड्या बांधायच्या. नको रे देवा, आता नाही होत माझ्यानं.

तोवर पंखीला उचलून आत न्यायला निघाले होते. हेतल धावली. "थांबा! हिच्या पोटात दही गेलंय."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळावर हात मारला, मग हेतलच्या खांद्यावर ठेवला. "सांगितलंत ते बरं केलंत." त्या दिवसाची पाळी गेली. पुढची होळीनंतर. म्हणजे प्लास्टर ऐन उन्हाळ्यात.

किरीटनं नुसतं दही ऐकलं आणि फोन कानाला लावला. "बा, पोरीला दही तू दिलंस?"

पलीकडून बा म्हणाल्या, "हो रे. माझ्याच हातून गेलं."

हेतलनं तोंड उघडलं, पण किरीट कुणाला बोलू देईल तर ना! आईला नको नको ते बोलला. शेवटी फोन हेतलच्या हातात कोंबला आणि पोरीसाठी खायला आणायला तरातरा निघून गेला.

"बा, खोटं का बोललात?"

"गप बैस. तीन महिने पोरीला एकीकडून तू आणि एकीकडून त्यानं उचलायचंय. तो तुझ्यावर धुमसत राहिला तर कसं उचलाल? माझ्यावर चिडू दे. मला कुठे काय उचलायचंय!"

हेतल तिथेच, सगळ्यांदेखत रडली. केवढी किल्ली खोचून हिंडले मी या बाईपुढे, असं तिला झालं.

किरीट गाठिये घेऊन आला. उपाशी पंखी दोन्ही हातांनी खात सुटली.

"अहो, दही मी दिलं. बांनी नाही."

तो रागावेल, असं तिला वाटलं. पण तोही फार दमला होता. तिच्याशेजारी बसत म्हणाला, "माझ्यापाठोपाठच ना? पोर तर माझं बोट धरून उभी होती. मलाही काही सुचलं नाही, दही चाटलं आणि चालता झालो."

मग त्यानं फोन लावला. "बा, मघाशी मी तुला..."

"ते राहू दे," पलीकडून बा म्हणाल्या. "पोरीनं काही खाल्लं का?"