रागाची तारीख

“बाई, त्या दिवसांत आलेला राग खरा असतो, की उगाचच असतो?”

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं आणि आठवीचा वर्ग खुदकन हसला. शाळेच्या नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. पाळी यायच्या आधी काय काय होतं, हे त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. पोट फुगतं, छाती दुखते, रडू येतं, घरच्यांचं साधं बोलणंही टोचतं, आणि पाळी सुरू झाली की बहुतेक सगळं ओसरतं. हे त्यांना तोंडपाठ होतं. हा प्रश्न मात्र आजवर कोणी विचारला नव्हता.

“खराच असतो,” त्या म्हणाल्या. “एरवी आपण तो गिळतो, तेव्हा गिळवत नाही, इतकंच.”

बोलून गेल्या आणि त्यांना कालचं आपलंच घरचं बोलणं आठवलं.

सकाळपासूनच त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांची लेक याच शाळेत नववीत होती, रिलेच्या संघात. पुढच्या आठवड्यातली शर्यत नेमकी तिच्या अवघड दिवसांत येतेय, असा हिशेब बाईंनी मनातल्या मनात केला आणि खेळाच्या सरांना परस्पर सांगून टाकलं, की तिला यंदा राहू द्या. लेकीला ते काल संघातल्या मुलींकडून कळलं. घरी येऊन तिने दप्तर आपटलं, तोंडाला येईल ते बोलली. आणि या शहाण्या बाईने काय करावं? पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “होतं गं असं. दिवस जवळ आले की चिडचिड होतेच.” त्यावर लेकीने तोंडाला जे कुलूप घातलं, ते अजून काढलं नव्हतं.

तास संपताच बाई जवळजवळ पळतच मैदानावर गेल्या. सर तसे भले, पण त्यांचाही नाइलाज होता. नावं पाठवून झाली होती, लेकीच्या जागी घेतलेली मुलगी जीव तोडून सराव करत होती. आता तिला काढायचं तरी कसं? बाईंना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. नंतर दिवसभर त्या औषधांच्या खोलीत खोकी उगाच इकडची तिकडे करत राहिल्या. ताप आला म्हणून आलेल्या एका पोरीला थर्मामीटर लावून विसरूनच गेल्या.

संध्याकाळी त्यांनी सारवासारव केली नाही.

“तुझा राग बरोबर होता. तुला न विचारता केलं, ते माझं चुकलंच. सरांना भेटून आले, पण आता जागा नाही.”

लेकीने कोपऱ्यातले बूट पुढ्यात ओढले. मग म्हणाली, “आई, माझी पाळी मागच्याच आठवड्यात येऊन गेली. शर्यतीच्या दिवशी मला काहीसुद्धा झालं नसतं.”

शाळाभरच्या मुलींना बाई पाळीची तारीख विचारत असत. घरच्या मुलीची त्यांनी गृहीत धरली होती.

“मग बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे?”

तिच्या आवाजात राग उरला नव्हता. तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

लेकीने बूट चढवले आणि ती बाहेर पडली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मोकळ्या रस्त्यावर ती सुसाट धावत गेली आणि टोकाला पोचता पोचता तिने रिलेत बॅटन देतात तसा हात पुढे लांबवला. तिथे घ्यायला कोणीच नव्हतं. हात खाली घेऊन ती वळली, चालत परत आली आणि पुन्हा पहिल्यापासून धावू लागली.