तुटलेली धार

मेलेल्या आईला पोटच्या पोरीने न्हाऊ घालायचं नाही, हा अँटवर्पच्या ज्यूंचा जुना नेम. गेलाला तो चांगला ठाऊक होता. तरीही बातमी कळताच ती मेलबर्नहून निघाली, कारण आईला एकदा तरी हात लावायचा होता. दर वल्हांडणाच्या सणाला "पुढच्या वर्षी नक्की येते" म्हणत ती वर्षानुवर्षं आलीच नव्हती.

विमानतळावरून ती थेट दफनसंस्थेच्या घराकडे निघाली. रस्ता होता तसाच होता. शनिवारच्या शब्बाथच्या पावासाठी बेकरीसमोर बायका आदल्या दिवसापासूनच हुज्जत घालत होत्या, काळ्या कोटातले बाप पोरांना सायकलवर कोंबून शाळेत पोचवत होते. आई गेल्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. गेलाला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दार मिंडलमावशीने उघडलं. गेलेल्या बायकांना न्हाऊ घालायचं काम तिच्याकडे होतं. गेलाला तिने कधी पाहिलं नव्हतं.

"ब्रसेल्सहून मदतीला येणार होत्या त्या तुम्हीच ना? या, या. आमच्या शायनाची कंबर गेलीय."

"माझ्या कमरेची दवंडी पिटू नका," आतून शायना म्हणाली. "बादल्या कोण भरतंय ते सांगा!"

गेलाने नुसती मान हलवली आणि बाह्या सारल्या. तोंडाने खोटं बोलावंच लागलं नाही.

आत कुणी बोलत नसे. जेवढं अंग धुवायचं तेवढीच चादर बाजूला व्हायची. आठवणीतली आई अख्खं दार अडवून उभी राहायची. फळीवर होती ती मूठभर. पाठीवर अंथरुणाच्या जखमा, हात सुयांनी काळेनिळे. फोनवर मात्र दर वेळी "मी ठणठणीत आहे गं" म्हणायची. गेलाने ते सोयीचं म्हणून खरं मानलं होतं.

शेवटी तीन बादल्या एकामागून एक ओतायच्या, धार तुटू द्यायची नाही. मिंडलमावशीची झाली, शायनाची झाली. गेलाचे हात बादलीवरच थिजले आणि धार तुटली.

"अहो बाई, पहिल्यांदाच आलात की काय?" शायना करवादली.

मिंडलमावशीने एकदा गेलाकडे पाहिलं, एकदा फळीवर. हनुवटी तीच होती.

"लेक ना तू हिची?"

"मावशी, मला बाहेर काढू नका."

"म्हणून तर पोरींना आत घेत नाही गं. आता आई अशीच डोळ्यांपुढे राहील." मग तिने रिकाम्या बादल्या गेलाकडे सरकवल्या. "भर बादल्या. पुन्हा पहिल्यापासून."

या वेळी धार तुटली नाही.

पांढरे कपडे चढवून झाल्यावर तिघी फळीशी उभ्या राहिल्या. "पेर्ल, हर्शच्या लेकी, तुझ्या मानाला उणं येईल असं आमच्या हातून काही झालं असेल, तर माफ कर." प्रत्येक गेलेल्या बाईला, तिचं आणि तिच्या बापाचं नाव घेऊन, हेच म्हणायचं असतं. दोघी सवयीने म्हणाल्या आणि हात धुवायला बाहेर गेल्या.

गेलानेही म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, या वेळी "आई" म्हणून. मग पुन्हा.

बराच वेळ ती येईना, तेव्हा मिंडलमावशी तांब्या घेऊन दारात आली.

"ती आता काही बोलायची नाही गं. चल, हात धू."