नव्या आवृत्तीतले सतरा गुण
सन दोन हजारात काचीगुड्याच्या आमच्या वधूवर मंडळासाठी परागने पत्रिका जुळवणारा प्रोग्राम लिहून दिला, तेव्हाच मी त्याला विचारलं होतं, "हा ज्याच्यावर चालतो, ते सॉफ्टवेअर कुणाचं?"

"सगळ्यांचं, काका. फुकट आहे. दुनियाभरची माणसं मिळून लिहितात."

कोर्टात छत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे कसं पटावं? फुकट देणाऱ्याचा काहीतरी मतलब असतोच. पण जुळणी झटपट व्हायची, म्हणून गप्प बसलो.

पुढच्याच वर्षी परागच्या आईने, इंदुताईंनी, आमच्या स्वातीला मागणी घातली. मशीनने छत्तीसपैकी चौदा गुण सांगितले, वर एकनाडेचा दोष. मी तो कागद छापून त्यांच्या हातात ठेवला. महिन्याभरात पराग म्हणायला लागला, "काका, त्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत हिशेबाची गडबड आहे. नवीन टाकू या." मी काय दूधखुळा होतो? नकार मिळाल्यावरच बरी याला चूक सापडली! दोन वर्षं मी त्याला मशीनला हात लावू दिला नाही.

मग परागचा साखरपुडा झाला, आणि इकडे स्वातीचं नारायणगुड्याच्या अविनाशशी जमत आलं. अठ्ठावीस गुण! म्हटलं, आता याचा काय स्वार्थ उरला? टाक बाबा तुझं नवीन.

त्या नव्याला आधी दुसरं काहीतरी नवीन लागायचं, त्या दुसऱ्याला तिसरं. मासिकाबरोबर आलेल्या तीन सीडी झाल्या, चार रविवार गेले. एकदा तर पडद्यावर नावांच्या जागी नुसते चौकोन उभे राहिले. "हौ काका, परेशान नका होऊ," म्हणत तो विद्यानगरहून स्कूटरवर येत राहिला.

"फुकटात इतकं कोण खपतं?" मी बायकोला म्हणालो.

"तुम्हाला देवाचाही संशय येईल," सुशीला म्हणाली.

पाचव्या रविवारी मशीन चाललं. पराग गेल्यावर मी अविनाशची पत्रिका पुन्हा जुळवली. सतरा गुण. एकनाड! माझं डोकंच फिरलं. उगवला सूड पठ्ठ्याने! फोन करून त्याला वाट्टेल ते बोललो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "माझ्यावर भरोसा नका करू, काका. पंचांग काढून हातानं मांडा."

स्वातीची पत्रिका आम्ही हाताने कधी मांडलीच नव्हती; मशीनला जन्मवेळ दिली होती, तेवढंच. ट्रंकेतून तिच्या जन्मसालचं पंचांग काढलं. तिच्या जन्माच्या दिवशी भरणी नक्षत्र चार वाजून दहा मिनिटांनी संपलं होतं. स्वाती चार पंचवीसची, म्हणजे कृत्तिकेची. जुनं मशीन चारवरची मिनिटं अपूर्णांक म्हणून गाळून तिला मागच्या नक्षत्रात ढकलत होतं.

गुणमेलनाच्या कोष्टकात बोट फिरवलं. अविनाशचे सतराच. मग बोट परागच्या नक्षत्रावर गेलं. सत्तावीस. एकनाड नाही. तीनदा पाहिलं. आणि आता त्याचा साखरपुडाही होऊन गेला होता. इंदुताईंना मी दारातून परत पाठवलं होतं, आणि चूक दुरुस्त करायला आलेल्या पोरालाच चोर ठरवलं होतं. माझी मला लाज वाटली.

स्वाती चहा घेऊन आली. "काय निघालं, बाबा?"

"अविनाशचं जमत नाही. सतराच गुण आहेत."

मग कप खाली ठेवत तिने विचारलं, "आणि परागचे? नव्यात किती येतात?"

"तेच. चौदा," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि आत गेली. कागद बघायलासुद्धा मागितला नाही.