दगडाखालच्या माद्या

“आधी हात ओले कर, मग उचल. आपला कोरडा हात त्यांना चटका देतो.”

बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ओहोटीच्या खडकांवर वाकले की हेच शब्द कानात येतात. किनाऱ्यावरची ही दोन खोल्यांची प्रयोगशाळा बाईंनी उभी केली. मी त्यांची मदतनीस होते. आता समुद्री गोगलगायींची देखरेख माझ्याकडे आहे.

त्या सकाळी मी दादाच्या कारखान्यासमोर होते. तिथे होड्या वर ओढून घ्यायचा सिमेंटचा उतार आहे. त्याच्या पायथ्याशी एक दगड उलटला आणि उकिडवीच बसून राहिले. दगडाच्या पोटाला पिवळसर कुप्या चिकटल्या होत्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या, एकीला एक लागून उभ्या, कुणी निगुतीने लावल्यासारख्या. अंडी होती ती! या कोपऱ्यात मी आजवर एकही कुपी पाहिली नव्हती. मनातल्या मनात हात जोडले. तोंडाने बोलता येत नव्हतं, कारण दुपारपर्यंत मौन हा माझा रोजचा नेम.

या गोगलगायींची पिल्लं पाण्यावर तरंगत कुठे जात नाहीत. कुपीतून बाहेर पडतात ती इवलासा शंख पाठीवर घेऊनच, आणि तिथूनच चालू लागतात. म्हणून एखाद्या खडकावरची वस्ती संपली, की नवी वस्ती व्हायला कुणाला तरी पायी यावं लागतं. पलीकडच्या टोकावरून इथवर यायला कोण कधी निघालं असेल, वाटेत किती पिढ्या सरल्या असतील, देव जाणे. मी दगड होता तसा ठेवला.

“अगं ए गोगलगाय! हो बाजूला!” वरून दादाची हाक आली. मी हळू बोलते म्हणून लहानपणापासून तो मला याच नावाने हाक मारतो. “आज ही बया धुऊन काढायचीय.”

बया म्हणजे उतारावर चढवलेली एक जुनी मोठी होडी. दादाच्या हातात जोराच्या पाण्याचा पाइप होता. होडीच्या बुडावर रंगाचे थरावर थर, आणि त्यात सगळ्यात खाली तो जुना, कथिलाच्या संयुगाचा, आता बंदी आलेला रंग. बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी सगळे तोच लावत. पाण्याचा मारा झाला असता तर त्याच्या कपच्या थेट माझ्या दगडावर आल्या असत्या.

मी पाइपापुढे उभी राहिले आणि जोरजोरात मान हलवली.

“हे बरं आहे! भांडायचं तर तोंडाने भांड की. असं खांबासारखं उभं राहून काय होणार?”

मी त्याची बाही धरली आणि त्याला प्रयोगशाळेत आणलं. “दुपारी होडीचा मालक येणार आहे, कळतंय का?” हे त्याने वाटेत दोनदा ऐकवलं.

आदल्या दिवशी याच उतारावरून आणलेल्या काही गोगलगायी मी पहाटेच मॅग्नेशियम क्षाराच्या पाण्यात ठेवल्या होत्या. त्यात त्या मरत नाहीत, गुंगतात आणि सैल होऊन शंखाबाहेर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक सरकवून मी खुर्ची पुढे केली. दादाने डोळा लावला.

“हं. हे शिंग. आणि उजव्या शिंगामागे हे... अच्छा. बाप्या आहे.” मी दुसरी सरकवली. “हाही बाप्याच.” मग तिसरी. “अगं, सगळे बाप्येच? आमचा कारखाना बरा म्हणायचा, निदान डबा द्यायला तुझी वहिनी तरी येते.”

मी ब्रशने तिसरी अलगद उताणी केली. तळव्यावर पुढे एक खळगा असतो, तो शिंपल्याला भोक पाडण्यासाठी, नर-मादी दोघांनाही. त्याच्या मागे आणखी एक होता. दूरच्या स्वच्छ किनाऱ्यावरची एक रिकामी कुपी मी चिमट्याने त्याच्याशेजारी धरली.

दादा होड्यांचे साचे करतो. त्याने एकदा कुपी पाहिली, एकदा खळगा पाहिला, मग पुन्हा कुपी.

“साचा आहे हा,” तो सावकाश म्हणाला. “कुपी यातच घडते. म्हणजे ही... ही बाई आहे?”

मी होकार दिला.

“मग हे पुढे काय उगवलंय हिला?”

मी कपाटातली बाईंची बरणी काढली. त्यात फार पूर्वीची, उघडून ठेवलेली एक मादी होती. नराची नलिका वाढत वाढत तिच्या अंडी बाहेर यायच्या वाटेवरच आली होती. आत कुप्या कोंबल्यासारख्या अडकून काळ्या पडल्या होत्या. तशी मादी आपल्याच अंड्यांनी मरते.

“हिला वाटच नाही उरली,” दादा म्हणाला. मग पुटपुटला, “बाई सांगायच्या, रंगाने होतं म्हणून. मी म्हणालो होतो, रंगाने काय बायकांना मिशा फुटतात?”

पोहायचे शंभर मोठे तलाव भरावेत आणि त्या सगळ्यांत मिळून एक चिमूट टाकावी, एवढंसं विष याला पुरतं. एवढ्याशा कुजबुजीवर एक देह आपली घडण बदलून बसतो. किती हलक्या कानाचा घडवलाय हा देह! इतक्या वर्षांत मला याची सवय झालेली नाही. आणि उतारावरच्या या माद्या तर अंगावर ती खूण घेऊन जगल्या होत्या. त्यांची वाट पुरती बुजली नव्हती. जेवढी उरली होती, तेवढ्यातून त्यांनी कुप्या बाहेर आणून दगडाखाली उभ्या केल्या होत्या.

दादाने बरणीवरून नजर उचलली. “सकाळी वाकली होतीस ती कुठे?”

मी खिडकीतून उताराचा पायथा दाखवला.

“कुप्या आहेत तिथे?”

मी मान डोलावली.

तो खुर्चीत मागे रेलला आणि डावा खांदा चोळू लागला. पाण्याने एका दिवसाचं काम. कोरडं खरवडायचं तर आठवडा जाणार, तोही या दुखऱ्या खांद्याने, आणि मालकाची बोलणी वेगळी. मला राहवेना. नेम मोडून एक शब्द बोलावा, त्याला विनवावं असं वाटलं. माझे ओठ उघडलेही.

“गप्प बस,” तो म्हणाला. “नेम आहे ना तुझा? मला डोळे आहेत.” परत एकदा तो सूक्ष्मदर्शकावर वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला. त्या पाण्यात मादी हळूहळू शिंग हलवत होती. “केवढीशी आहे गं ही.”

मग तो उठला. “पाणी मारत नाही. कोरडं खरवडतो, खाली ताडपत्री घालतो. एक कपची खाली जाणार नाही, शब्द आहे माझा. वहिनीला मात्र तू सांग, दुपारनंतर. खांदा तिलाच चेपावा लागणार आहे.”

मी खिडकीशी उभी राहिले. त्याने नळ बंद केला, पाइप गुंडाळून भिंतीवर टांगला. कारखान्यातून मोठी ताडपत्री ओढून आणली, झटकली आणि उजव्या खांद्यावर टाकली. खरवडणी कमरेला खोचून, नाकातोंडावर मास्क चढवत तो उतार उतरू लागला.