तांदळाएवढं शिसं

मित्रांनो, मी एक जुनी सोन्याची लगड आहे. अंगावरून उभी भेग गेलेली. मला पुन्हा बांगडी व्हायचं होतं, ते राहूनच गेलं.

मार खाण्यात आम्हा सोन्याचा हात कोणी धरणार नाही. ऐरणीवर ठोका, आम्ही पसरतो. तार काढायला ओढा, लांबतो. तुटत मात्र नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण दगडाला ते एकदाच सोसायचे असतात. आमचा जन्मच त्यात जातो.

पूर्वी मी एका आईच्या हातातली बांगडी होते. तिचे दोन्ही मुलगे सोनार. लेकीच्या लग्नासाठी मला मोडून नवी बांगडी घडवायचं ठरलं. मोठ्यानं मला मुशीत घातलं, भट्टीत जाळलं, वितळवून साच्यात ओतलं. मग धाकट्यानं ऐरणीवर ठेवून माझ्यावर हातोडी चालवली. दोन-चार घावांतच मी कडकन फुटले.

मोठा भडकला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"काय मिसळलंस यात? आईच्या सोन्यातसुद्धा हात मारलास?"

"दादा, आईशप्पथ, मी काही..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मोठ्यानं हातोडी हिसकावली. धाकट्याचा उजवा हात ऐरणीवरच होता, माझ्याशेजारी. त्या हातावर घाव बसला. बोटं मोडली, तो आवाज माझ्या फुटण्यासारखाच होता. रक्त माझ्या भेगेत उतरलं. मला किंचाळायचं होतं, पण धातूला तोंड कुठलं?

किंकाळी ऐकून आई धावत आली. धाकट्याचा हात पदरात गुंडाळत ती मोठ्यावर ओरडली, "अरे, बांगडीचा सांधा सुटला तेव्हा तूच घाईघाईत शिशाचा डाख लावला होतास ना? वितळवण्याआधी तो घासून काढलास का?"

मोठ्याचा चेहरा पांढराफटक पडला. डाख घासल्याशिवाय दागिना मुशीत घालायचा नाही, हे धाकट्याला रोज बजावणारा तोच होता. शिसं होतं जेमतेम तांदळाएवढं. पण तेवढंच माझ्या कणाकणांमध्ये शिरलं आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटली.

हाताला पट्टी बांधून धाकटा दुकानात आला, तेव्हा मोठा भट्टी पेटवून बसला होता. "सोरा घालून शिसं काढतो," तो खालमानेनं म्हणाला, "सोनं पुन्हा पहिल्यासारखं होईल बघ."

धाकट्यानं मला डाव्या हातानं उचललं.

"सोनं होईल रे, दादा. माझी बोटं कुठल्या मुशीत घालशील?"

मोठ्यानं भट्टी विझवली. तेव्हापासून मी ऐरणीशेजारी तशीच पडून आहे.

मित्रांनो, मला जाळा, ठोका, ओढा. मी पुन्हा घडेन. पण माणसाला सोनं समजून ठोकू नका.